आम्रखंडाच्या डब्यातले भुंगे

अर्धा किलो आम्रखंड, केशर-वेलची.

चिकनकारीच्या जुन्या कुर्त्यातून कापलेला मलमलचा चौकोन.

टेबल-लॅम्पचं बटण.

कागदावर छापलेलं एक झाड. त्याला मुळं नाहीत, पानं नाहीत, नुसत्या फांद्या. आणि जिथे एकच फांदी असायला हवी तिथे दोन.

गॅलरीतली जास्वंदीची कुंडी.

"गायी खात असतील."

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत, पण मी त्या सगळ्यांना ओळखतो. मी एक जुना डबा आहे. प्लॅस्टिकचा, गोल, केशरी झाकणाचा. माझ्या पोटात जे ठेवलं गेलं त्याची चिठ्ठी माझ्यावर चिकटवली गेली, आणि जुनी चिठ्ठी नीट न काढताच तिच्यावर नवी. म्हणून मी माझी गोष्ट चिठ्ठ्यांच्या क्रमाने सांगतो. काही चिठ्ठ्या फाटल्या आहेत. तिथे गोष्टही फाटेल. आणि आधीच सांगून ठेवतो, मान वर करून सांगावं असं हिच्यात फार थोडं आहे.

आम्रखंड

माझा जन्म पुण्याबाहेरच्या एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं गेलं आणि मी बाहेर पडलो. एका बाईंनी माझं झाकण दाबून पाहिलं. ते टक् असा आवाज करून बसलं. बाईंनी मान हलवली आणि मला पुढे सोडलं. आयुष्यातली ही माझी पहिली शाबासकी.

नंदकुमार आणि लीलावतीबाई साताऱ्याला एका लग्नासाठी आले होते. परतताना त्यांनी मला विकत घेतलं. टॉवेलमध्ये गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाशेजारी बसून मी लखनौला पोहोचलो. नंदकुमार रेल्वेत इंजिनीयर होते. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परत जायचं म्हणता म्हणता त्यांनी लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत फ्लॅट घेतला आणि तिथेच राहिले. दोन दिवसांत माझ्यातलं आम्रखंड संपलं. लीलावतीबाईंनी मला गरम पाण्याने धुतलं, उन्हात पालथं ठेवलं. वेलचीचा वास काही गेला नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चांगला डबा आहे. झाकण घट्ट आहे."

मेतकूट

ही माझी सुखाची वर्षं. लखनौच्या उन्हाळ्यात ओट्यावर मुंग्यांची रांग लागे, पण माझ्यात एक मुंगी कधी शिरली नाही. पावसाळ्यात दुसऱ्या डब्यांतलं मीठ ओलं व्हायचं, माझ्यातलं मेतकूट कोरडं राहायचं. लीलावतीबाई पाहुण्यांना मला उलटा करून दाखवायच्या. "बघा, कणभर सांडत नाही."

मित्रांनो, स्तुती ऐकली की डबासुद्धा फुगतो. मला वाटायचं, आत ठेवलेलं बाहेर जाऊ न देणं हाच जगातला सर्वांत मोठा गुण आहे.

खोब…

ही चिठ्ठी अर्धी गेली आहे. खोबऱ्याच्या वड्या, असं तिच्यावर लिहिलेलं होतं.

वरच्या मजल्यावर मुक्ता राहायला आली तेव्हाची ती चिठ्ठी. मुक्ता अमरावतीची. लखनौतल्या एका संशोधन संस्थेत ती किड्यांवर काम करायची. लीलावतीबाईंना महिनोन्महिने मराठी बोलायला नवऱ्याशिवाय कुणी मिळत नसे. त्यांचा नातू अर्णव फोनवर सगळं समजून घ्यायचा आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायचा. त्यामुळे मुक्ता आली त्याच संध्याकाळी माझ्यात वड्या भरून त्यांनी मला वर नेलं.

आठवड्याने मुक्ता मला परत द्यायला आली. माझ्यात रेवड्या होत्या.

"अगं, हे कशाला?"

"काकू, रिकामा डबा कसा परत देणार? आई ओरडेल माझी."

लीलावतीबाईंचा चेहरा असा उजळला की मी तो विसरलेलो नाही. मग मी वर-खाली करत राहिलो. खाली जाताना मला खालच्यांसाठी भरायचं, वर जाताना वरच्यांसाठी. भाजणी, मटार करंज्या, एकदा नुसती कढीपत्त्याची पानं, कारण घरात दुसरं काही नव्हतं. दोन्ही घरांत मिळून एक नियम होता आणि तो पाळणारा मी होतो. मी कधी रिकामा आलो नाही.

जागे, सरोजिनी नगर

एकदा मी वर गेलो आणि मुक्ताने मला ऑफिसला नेलं. तिला प्रवासापुरता एखादा डबा हवा होता. तिने तापलेल्या सुरीने माझ्या झाकणाला चौकोनी भोक पाडलं आणि त्यावर आपल्या जुन्या चिकनकारीच्या कुर्त्याच्या अस्तराचा तुकडा चिकटवला. माझं घट्ट झाकण! मला फार वाईट वाटलं. मी आता कशाला कामाचा, असं वाटलं.

मग तिने माझ्यात भुंगे सोडले.

छोटे, फिकट पिवळे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. आपल्याकडे सगळीकडे वाढणारं गाजर गवत तुम्ही पाहिलं असेल. पांढऱ्या बारीक फुलांचं. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. ते बाहेरच्या देशातून आलं आणि इथे त्याला खाणारं कुणी नव्हतं. म्हणून त्याला खाणारा भुंगा मेक्सिकोतून आणला गेला. तो पावसाळ्यात गवताची पानं कुरतडून टाकतो. पण थंडी आली की मातीत शिरून झोपतो, आणि गवत मोकळं सुटतं.

मुक्ताला सरोजिनी नगरच्या एका मोकळ्या मैदानात, ऐन डिसेंबरात, न झोपलेले काही भुंगे सापडले होते. ते चक्क पानं खात होते. ते का झोपत नाहीत, हे तिला शोधायचं होतं. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याला घडवणारा एक लांबलचक मजकूर असतो. ह्या भुंग्यांचा मजकूर वाचून, झोपणाऱ्यांच्या मजकुराशी ताडून, फरक कुठे आहे ते तिला पाहायचं होतं.

"म्हणजे कसं गं?" लीलावतीबाईंनी एकदा विचारलं होतं.

"समजा काकू, तुमची पुरणपोळीची कृती आणि तुमच्या जावेची कृती. दोन्ही फाडून तुकडे एकत्र केले. मग कुठली ओळ कुणाची, कसं कळणार?"

"माझी ओळ लगेच कळेल. जावेच्या कृतीत जायफळ नसतं."

मुक्ता हसली. "म्हणून मी एकाच घराण्याचे भुंगे वाढवते. बाहेरचा एकही नाही. पिढ्यान्पिढ्या."

प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या होत्या, स्वच्छ, बिनवासाच्या. त्यांच्यात मी मांडीवर आम्रखंडाची अक्षरं घेऊन बसलेला. पाहणीला कुणी आलं की मुक्ता मला टेबलाखाली सरकवायची. तिला माझी लाज वाटायची. मलाही माझी वाटायची.

काकू, रोज सकाळी ताजं पान. लॅम्प बंद करू नका.

ही चिठ्ठी मुक्ताने घाईत लिहिली. अक्षर वाकडं आहे.

जानेवारी होता. इमारतीत विजेच्या तारा बदलायचं काम निघालं आणि भुंगे ठेवायचं उबदार कपाट बंद ठेवावं लागणार होतं. मुक्ताने त्या घराण्याची शेवटची जिवंत पिढी माझ्यात भरली आणि कुणाला न सांगता घरी आणली. दुसऱ्याच सकाळी अमरावतीहून फोन आला. तिचे वडील जिन्यावरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. ती मला घेऊन धावत खाली आली.

"काकू, तुमचाच डबा आहे."

"रिकामा नाही ना आणलास?" लीलावतीबाई सवयीने म्हणाल्या आणि मलमलीतून आत पाहून मागे सरल्या. "अगंबाई!"

"चार-पाच दिवस फक्त. हे गेले तर माझं सगळं गेलं, काकू. रिव्ह्यू मार्चमध्ये आहे."

"तू जा. बाबांकडे बघ. मी पोटच्या पोरासारखं सांभाळते."

त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, शेजारी छोटा लॅम्प लावला. दिवसातून दहा वेळा त्या येऊन बघायच्या. "खाल्लंस का रे?" असं भुंग्यांना विचारायच्या. नंदकुमार म्हणायचे, "मला नाही कधी एवढ्या प्रेमाने विचारलंस."

"तुम्ही न विचारता खाता."

तिसऱ्या सकाळी त्या आल्या तेव्हा लॅम्प बंद होता. खिडकीच्या काचेवर धुकं टेकलं होतं. माझ्या तळाशी भुंगे पाय वर करून पडले होते. एक-दोन जरा हलत होते. बाकी सगळे दगड.

"अहो! लॅम्प कुणी बंद केला?"

नंदकुमार दात घासता घासता आले. "मी. रात्रभर जळत होता. किड्यांना कशाला दिवा? मी अख्खी नोकरी लोकांनी चालू ठेवलेले पंखे बंद करत काढली."

"चिठ्ठी लावली होती ना!"

"चष्मा नव्हता."

लीलावतीबाई मला हातात घेऊन वेताच्या मोढ्यावर बसल्या. "पोरीने विश्वासाने दिलं हो. तिच्या बापाचं हाड मोडलंय तिकडे, आणि आपण इकडे..."

"सांगू तिला. माझ्यामुळे झालं म्हणून सांग."

"काय सांगू? डबा परत कसा देऊ तिला?"

मित्रांनो, ह्या वाक्याचं ओझं मी अजून वाहतो. डबा परत कसा देऊ. त्या बाईंना सगळ्या जगात एवढंच सुचलं, कारण आमच्या दोन घरांत तोच नियम होता आणि तो माझ्यामुळे पडला होता.

त्यांनी निपचित पडलेले भुंगे चमच्याने काढून गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत टाकले. हलणारे माझ्यातच ठेवले. लॅम्प लावला. मग खुरपं घेऊन त्या समोरच्या रिकाम्या प्लॉटवर गेल्या. तिथे गाजर गवत कमरेएवढं वाढलं होतं. इतर भुंगे थंडीत मातीत झोपतात, हे मुक्तानेच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी गवताच्या बुडाशी माती उकरली आणि झोपलेले भुंगे शोधून काढले. सारखेच दिसत होते. पिवळे, तपकिरी रेघांचे. पदरात घेऊन त्या आल्या आणि त्यांनी ते माझ्यात ठेवले. लॅम्पच्या उबेला हळूहळू ते जागे झाले.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. डोळे पुसत हसत होत्या. "भरला."

मुक्ता आली तेव्हा मी भरलेला होतो. तिने मलमलीतून पाहिलं, भुंगे फिरत होते. तिने वाकून लीलावतीबाईंना नमस्कार केला. लीलावतीबाईंनी पाय मागे घेतले. मुक्ताला वाटलं, लाजल्या.

……

ही चिठ्ठी पूर्ण निघून गेली आहे. फक्त डिंकाचा डाग राहिला आहे. इथे वसंत होता, उन्हाळा होता, पावसाळा होता. मार्चच्या रिव्ह्यूत त्या घराण्याचा आधी गोठवून ठेवलेल्या भुंग्यांवरून वाचलेला मजकूर दाखवला गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भुंग्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. मुक्ता खूश होती. मी टेबलाखाली होतो.

नोव्हेंबर संपताना, जे कधी झोपणार नव्हते त्यांतले अर्धे मातीत शिरले.

वो डिब्बा

ही खरी चिठ्ठी नाही. हे शब्द रिज़वी मॅडमनी उच्चारले तेवढेच.

मॅडम मुक्ताच्या प्रमुख होत्या. फार हळू बोलायच्या आणि कधी रागावल्या तर आणखी हळू. त्यांनी झोपलेल्या भुंग्यांचा मजकूर वाचायला पाठवला होता. उत्तर आलं ते एका छापील झाडाच्या, म्हणजे वंशवृक्षाच्या रूपात. घराणं एक असेल तर फांदी एकच निघते. इथे दोन होत्या.

"मुक्ता, ये दो ख़ानदान हैं," मॅडम म्हणाल्या. "बाहर से कुछ आया है. कब आया?"

मुक्ताने त्या दोन फांद्यांवरून बोट फिरवलं.

"जनवरी में आपने इन्हें किसमें रखा था? वो डिब्बा लाइए."

मला टेबलावर ठेवण्यात आलं. लांब, चकचकीत टेबल. आजूबाजूला माणसं, कागद, पाण्याच्या बाटल्या. आणि मध्ये मी, मांडीवर अर्धी अक्षरं, "आम्र" आणि पुढे काही नाही. कुणीतरी हसू दाबलं. मॅडमनी मला उचललं, मलमलीला नाक लावलं.

"इसमें से अब भी इलायची की ख़ुशबू आती है," त्या म्हणाल्या. चेष्टा करत नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. "ये कहाँ था?"

"घर पर, मैम. मैं ले गई थी. बताया नहीं."

"घर पर कौन था?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुडाशी अजून लीलावतीबाईंच्या अक्षरातलं "मेत" दिसत होतं. तिने तळहात त्याच्यावर ठेवला.

"कोई नहीं. मेरी ग़लती है."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला तोंड होतं, झाकण होतं, खिडकीसुद्धा होती. मला सगळं माहीत होतं. पण आत ठेवलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी शिकलो होतो.

त्या संध्याकाळी मुक्ता मला घेऊन खाली आली. तिने आवाज चढवला नाही. चहा घेतला. मग म्हणाली, "काकू, एक विचारते. खरं सांगाल?"

लीलावतीबाईंनी लगेच सांगितलं. विचारायची वाटच पाहत असाव्यात. लॅम्प, धुकं, खुरपं, पदर, सगळं. नंदकुमार मधेच म्हणाले, "लॅम्प मी बंद केला. माझं नाव घे." लीलावतीबाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा हो." मुक्ता ऐकत राहिली. चहाचा कप तिच्या हातात गार झाला.

"तुम्ही फोन का नाही केला?"

"तू आयसीयूच्या बाहेर बसली होतीस. आणि... डबा कसा परत देऊ, असं झालं गं मला."

मुक्ताने गार कप खाली ठेवला. मग अचानक सरळ बसली. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "काकू, जे मेले म्हणता ते कुठे टाकलेत? नक्की कुठे?"

मी गॅलरीच्या दाराजवळ होतो. तिथून कुंडी दिसत होती. जास्वंद फुलली होती.

लीलावतीबाईंनी कुंडीकडे पाहिलं नाही. पोरीने जिवापाड जपलेले जीव आपण खत म्हणून झाडाला घातले, हे त्यांच्या तोंडून निघेना.

"कचऱ्यात," त्या म्हणाल्या. "गाडीवाल्या भैयाने नेलं."

मुक्ताच्या डोळ्यांतली ती लकाकी गेली. "अच्छा," ती म्हणाली.

(कोरी)

प्रकल्प पुढे वाढवला गेला नाही. मजकूर छापला गेला, कारण तो खरा होता. पण तो बिनभेसळीचा अंगात वागवणारा एकही जिवंत भुंगा आता मुक्ताकडे नव्हता, सरोजिनी नगरच्या मैदानातही पुन्हा तसे सापडले नाहीत, म्हणून त्यातली कुठली ओळ झोप उडवते हे कुणाला तपासता येणार नव्हतं. मुक्ताला एका खाजगी बियाणे कंपनीत नोकरी मिळाली. तिने विकास नगरला घर घेतलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सामान हलवायच्या दिवशी ती खाली आली. मला घासून, पुसून, सगळ्या भुंग्यांची विष्ठा काढून तिने आणलं होतं.

"काकू, तुमचा डबा."

लीलावतीबाईंनी मला हातात घेतलं. वजनावरूनच त्यांना कळलं. त्यांनी झाकण उघडलं नाही. मुक्ताही थांबली नाही. दोघींनाही एकमेकींकडे बघवत नव्हतं, आणि मी मध्ये होतो, आयुष्यात पहिल्यांदा रिकामा.

आता मी गॅलरीत असतो. माझ्यात कपड्यांचे चिमटे असतात. खिडकीचं मलमल एका कोपऱ्यात सुटलं आहे. परवा नंदकुमार दोरीवरचा टॉवेल काढताना म्हणाले, "लीला, समोरच्या प्लॉटवरचं गवत बघितलंस? ऐन थंडीत सगळी पानं कुरतडलेली आहेत."

"गायी खात असतील," लीलावतीबाई आतूनच म्हणाल्या. त्या हल्ली प्लॉटकडे बघत नाहीत.

गाजर गवत गायी खात नाहीत, हे त्या दोघांनाही माहीत आहे.

मित्रांनो, डब्यांना धुवा, उन्हात ठेवा, कचऱ्यात फेकू नका, असं मी तुम्हाला सांगणार होतो. तेही करा. पण माझं मागणं दुसरं आहे. कुणी तुमच्याकडे काही सांभाळायला दिलं आणि ते तुमच्या हातून गेलं, तर डबा भरू नका. रिकामा असेल तर रिकामाच परत न्या. दारात उभं राहून झाकण उघडून दाखवा. थोडा वेळ फार लाज वाटेल. मी पाहिलं आहे, न उघडलेल्या झाकणाची लाज त्याहून जास्त दिवस टिकते. आणि ज्याने डबा दिला होता, त्याने जर विचारलं की मेलेले कुठे टाकलेस, तर बोट करून कुंडी दाखवा.

त्या जानेवारीतल्या सकाळी, लीलावतीबाई खुरपं घेऊन खाली गेल्या असताना, धुकं विरलं, जास्वंदीच्या कुंडीवर ऊन आलं, आणि मेलेले म्हणून टाकलेले, पण नुसते गारठलेले भुंगे पाय हलवून सुलटे झाले, कुंडीच्या काठावर चढले आणि एकामागून एक समोरच्या प्लॉटकडे उडून गेले.